तलवारीचा लिलाव आणि कागदाचा लिलाव

१/
एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज या लिलावगृहात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसले यांची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च झाले आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली. आनंद व्हावा अशीच ती घटना होती. परंतु त्याच बाजारात आपल्या इतिहासाचा आणखी एक ऐवज वर्षानुवर्षे विकला जातो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढीत नाही. तो ऐवज म्हणजे कागद. हा धागा त्याविषयी आहे.

२/
उदाहरण एकच घेऊ. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. १७९१ आणि १७९२ या वर्षांत मुंबई बेटावर व आसपास प्रत्यक्ष पाहून त्याने काढलेली बारा निसर्गदृश्ये १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ही एचिंग, म्हणजे मराठीत अम्लरेखन, या पद्धतीने छापून हाताने रंगवलेली चित्रे होत. कधी पूर्ण संच, कधी सुटे एखादे पान अशा रूपात ती आजही लिलावांत आणि जुन्या छापचित्रांच्या विक्रेत्यांकडे येतात.

३/
रांजणगावसारख्या गावातून लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही. मुंबईची समुद्रदृश्ये, काढणारा परदेशी, विकणारा परदेशी. घोडनदीच्या काठच्या माणसाने त्यात कशाला लक्ष घालावे? याचे उत्तर पुढे येईलच. आधी माझे म्हणणे स्पष्ट करतो. अशी चित्रे ‘परत आणा’ म्हणून ओरडण्याची वस्तू नाही आणि भिंतीवरची शोभाही नाही. ती पुरावा आहेत. पुराव्याचे तुकडे होऊ न देणे आणि तो वाचायला शिकणे, हे आपले काम आहे.

४/
प्रथम माणूस. वेल्सचा जन्म १७४७ सालचा, स्कॉटलंडच्या पीटरहेडचा. १७९१ मध्ये तो मुंबईत उतरला तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. व्यवसाय व्यक्तिचित्रांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात श्रीमंत गिऱ्हाईक मिळेल या आशेने अनेक चित्रकार येत, तसाच तोही आला. फरक इतकाच की बरेच जण पैसा गाठीला बांधून परतले. वेल्स परतला नाही. लेण्यांच्या रेखाटनांचे काम चालू असतानाच १७९५ मध्ये तो याच भूमीवर मरण पावला.

५/
तो आला तो काळ लक्षात घ्या. तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध चालू होते आणि टिपूविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज एका बाजूस होते. पुण्यात संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ पासून बसला होता. या तात्पुरत्या मैत्रीच्या आडोशाने वेल्सला पुणे दरबाराचे दार उघडले. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना त्याने रंगवले. सवाई माधवराव व नाना यांचे त्याचे प्रसिद्ध चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

६/
१७९० च्या तहाचे दरबारचित्रही याच ओघातले. मॅलेट पेशव्यांच्या दरबारात तह पुरा करीत आहे, असे ते भव्य चित्र. वेल्सच्या मृत्यूनंतर त्याच्या रेखाटनांच्या आधारे थॉमस डॅनियलने ते १८०५ मध्ये पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहात आहे. शनिवारवाड्याचा दरबार डोळ्यांसमोर आणताना आपण नकळत वेल्सच्याच नजरेने पाहत असतो. विशेष म्हणजे वेल्स आणि सवाई माधवराव दोघांचाही अंत एकाच वर्षी, १७९५ मध्ये झाला.

७/
या नजरेच्या शेजारी आणखी एक नजर होती. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करीत असे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. त्याची व वेल्सची अनेक रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात एकत्र आहेत. एकाच विषयाकडे स्कॉटिश हात आणि पुणेरी हात कसा पाहतो, हे तेथे ताडून बघता येते.

८/
आता तंत्राकडे वळू. अम्लरेखनात तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र कोरतात. पत्र्याला धक्का लागत नाही, फक्त थर निघून तांबे उघडे पडते. मग पत्रा अम्लात बुडवतात. उघडे पडलेले तांबे अम्ल खाऊन टाकते आणि रेषांच्या खाचा तयार होतात. पत्रा अम्लात जितका अधिक काळ, तितकी खाच खोल आणि छापलेली रेषा गडद.

९/
थर काढून पत्र्याला शाई चोळतात आणि वरची शाई पुसतात. खाचांतली शाई तेवढी राहते. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून रुळाच्या यंत्राखाली दाबला की कागद खाचांतली शाई उचलून घेतो. पत्र्याच्या कडांचा दाबही कागदावर उमटतो. अस्सल ठशाच्या भोवती बोटाला जाणवणारी जी खोलगट चौकट असते ती हीच. नंतर जलरंगांनी एकेक प्रत हाताने रंगवली जाई. म्हणून एकाच पत्र्याच्या दोन प्रती रंगांत हुबेहूब सारख्या नसतात.

१०/
या तंत्रातून एक मूलभूत गोष्ट निघते. असे चित्र जन्मतःच अनेक प्रतींत असते आणि विकण्यासाठीच छापलेले असते. गावच्या देवळातली मूर्ती रातोरात उचलून परदेशी लिलावात गेली, तर ती चोरी आहे. ती मूर्ती एकच असते आणि तिची जागा रिकामी होते. वेल्सच्या छापील दृश्याचे तसे नाही. त्याची एक प्रत लंडनमध्ये विकली गेल्याने मुंबईची कोणतीही जागा रिकामी झालेली नाही. दोन्हींना एकच ‘लूट’ हा शब्द लावला की खऱ्या लुटीचे गांभीर्य कमी होते.

११/
कायदाही जाणून घ्यावा. भारतात १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे येथे असलेले असे जुने मुद्राचित्र बाहेर जाऊ शकत नाही. बाहेरचे येथे विकत घेऊन आणता येते. दार आतल्या बाजूला उघडणारे आहे. प्रश्न इतकाच की आत आणण्याजोगे काय, हे कोणी ठरवावे आणि कशाच्या आधारावर.

१२/
तर या चित्रांत आहे काय? एक विषय आहे ‘ब्रीच’चा, म्हणजे वरळी आणि मुंबई बेट यांच्यामधल्या खिंडाराचा. भरतीचे पाणी या खिंडारातून आत शिरून मधला सखल भाग बुडवीत असे. ते अडवण्यासाठी बांध घातला गेला, तोच हॉर्नबी वेलार्ड. तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला असे सामान्यतः मानतात. वेल्सने तो पाहिला तेव्हा त्याला दहा वर्षेही झाली नव्हती. आज त्या जागी लाला लजपतराय मार्ग आहे आणि बांध होता याची आठवणही रस्त्यावर उरलेली नाही.

१३/
दुसरे स्थान शीवचा किल्ला. हा किल्ला सतराव्या शतकात इंग्रजांनी बेटाच्या उत्तर टोकाला बांधला. खाडीपलीकडे साष्टी. ती आधी पोर्तुगीजांची, पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. शीवच्या टेकडीवर वेल्स उभा राहिला तेव्हा या तहाला जेमतेम दहा वर्षे होत होती.

१४/
मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हे दृश्य निव्वळ ‘जुनी मुंबई’ वाटता कामा नये. ज्या खाडीकडे चित्रकार पाहतो, ती दोन सत्तांमधली रेघ होती आणि ती रेघ नुकतीच पुसली गेली होती. शीव आणि साष्टी यांना जोडणारा डंकनचा बंधारा तेव्हा बांधला गेला नव्हता; तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. तहाचा मजकूर आपण पुस्तकात वाचतो. त्या तहाची जमीन कशी दिसत होती, हे सांगणारी साधने मात्र अतिशय थोडी आहेत.

१५/
लिलावाच्या सूचीत अशा चित्रकाराला ‘वास्तववादी’ म्हटले की आपण निर्धास्त होतो; जे दिसले ते काढले असे समजतो. येथे थांबावे. वेल्सची दृष्टी काटेकोर आहे यात शंका नाही. पण तो उभा कोठे आहे? मलबार टेकडी, शीवचा किल्ला, घारापुरीचे बेट. यांतील टेकडी आणि किल्ला या उंचावरच्या जागा आहेत, आणि किल्ला तर राखणदाराचाच.

१६/
उंचावरून पाहिले की किनारा, टेकड्या, जहाजे आणि बांध यांची मांडणी सुरेख दिसते आणि माणूस ठिपका होतो. बांधावर माती वाहणारा मजूर, जाळे ओढणारा कोळी, भातखाचरातली बाई यांचे चेहरे त्या अंतरावरून दिसत नाहीत. हा चित्रकाराचा खोटेपणा नव्हे. हा उभे राहण्याच्या जागेचा परिणाम आहे. बखरकार कोणाच्या पदरी होता हे आपण विचारतो. चित्रकार कोणत्या टेकडीवर होता हेही तसेच विचारले पाहिजे.

१७/
आता मुख्य मुद्दा, तुकड्यांचा. ही बारा पाने म्हणजे बारा वेगळी चित्रे नव्हेत. यांतील काही पाने शेजारी शेजारी लावली की दृश्य एका कागदावरून दुसऱ्यावर सलग पुढे जाते. एका उंचवट्यावर उभे राहून मान वळवावी आणि क्षितिज सरकत जावे, तशी त्यांची रचना आहे. म्हणून जोडीतले एक पान विकत घेणारा अर्धे वाक्य विकत घेतो. किनारा कागदाच्या कडेशी तुटतो आणि पुढे काय होते हे दुसऱ्याच कोणाच्या दिवाणखान्यात टांगलेले असते.

१८/
हे तुकडे आपोआप पडत नाहीत. जुन्या सचित्र ग्रंथांची शिवण उसवून पाने सुटी करणे हा या व्यापारातला जुना प्रघात आहे. कारण साधे आहे. पूर्ण संच घेणारे ग्राहक मोजके. चौकटीत लावलेले एक रंगीत पान घेणारे पुष्कळ. अनेकदा पाने सुटी विकून होणारी बेरीज पूर्ण संचाच्या किमतीहून जास्त भरते. त्यात बेकायदा काही नाही. पण एकदा उसवलेला संच पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य असते.

१९/
तलवार तुटली असती तर आपण हळहळलो असतो. संच तुटला की कोणाला कळतही नाही, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे सुंदर दिसतो. माझा आक्षेप नेमका येथे आहे. वस्तू परदेशात असणे ही मोठी हानी नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ही दृश्ये आहेत आणि अभ्यासकाला ती पाहता येतात. मोठी हानी म्हणजे संदर्भ नाहीसा होणे. ती हानी लंडनमध्ये होऊ शकते आणि मुंबईतही.

२०/
ज्यांना लिलावाच्या सूची वाचायची हौस आहे त्यांच्यासाठी काही खुणा. पहिली, चित्रकाराचे नाव कसे दिले आहे ते पाहा. ‘वेल्सचे’ आणि ‘वेल्सवरून’ या दोहोंत अंतर आहे. वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली; रेखाटने वेल्सची, पण ठसे थॉमस डॅनियलच्या हातचे आणि देखरेखीखालचे. मूळ पाहणारा एक, तांब्यावर उतरवणारा दुसरा. दोघांमध्ये काय बदलले, हाच संशोधनाचा विषय होतो.

२१/
दुसरी खूण, पत्र्याच्या कडेचा दाब. तो नसेल तर समास कापलेला असू शकतो किंवा चित्र नंतरच्या यांत्रिक छपाईचे असू शकते. तिसरी, रंग. ‘हाताने रंगवलेले’ एवढ्यावर समाधान मानू नये. रंग त्याच काळचा की गिऱ्हाईकासाठी नंतर चढवलेला, हे विचारावे. चौथी, कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणारी जलखूण. १७९४ नंतरच्या पुष्कळ इंग्लिश कागदांवर जलखुणेत सालही असते.

२२/
पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे पूर्वमालकीची नोंद. हे पान कोणत्या ग्रंथातून निघाले, तो ग्रंथ कोणाच्या संग्रहात होता, संच केव्हा फुटला? बऱ्याच वर्णनांत या जागी एखादी मोघम ओळ असते. किंमत वाचण्याआधी ही ओळ वाचावी. आणि किंमत वाचताना ध्यानात ठेवावे की हातोडा पडतो त्या बोलीवर खरेदीदाराकडून लिलावगृहाचे शुल्क वेगळे घेतले जाते.

२३/
आता रांजणगावच्या प्रश्नाकडे. वेल्सने वेरूळची रेखाटने केली; मॅलेटसाठी गंगारामनेही केली. पुण्याहून वेरूळकडे जाणारा हमरस्ता कोरेगाव, रांजणगाव, शिरूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) असा जातो. आज त्याच्या कडेला महागणपतीच्या दर्शनाला आलेल्या गाड्या आणि औद्योगिक वसाहतीचे मालट्रक उभे असतात. अठराव्या शतकात पुणे दरबाराला उत्तरेशी आणि निजामाच्या मुलखाशी जोडणारी ही एक मुख्य वाट होती.

२४/
वेरूळची दृश्ये लंडनमध्ये छापली गेली ते साल पुन्हा पाहा: १८०३. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. रेखाटने झाली ती मैत्रीच्या दिवसांत. ती पुस्तकरूपाने बाहेर आली त्याच वर्षी त्या प्रदेशात युद्ध पेटले. चित्रकाराने युद्धाची तयारी केली असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यासमोर नाही. पण चित्र काढले जाते ते साल आणि विकले जाते ते साल, ही दोन्ही वाचल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाही.

२५/
पुढे ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढाई झाली. शिरूर ते कोरेगाव या वाटेच्या मधोमध रांजणगाव आहे. दरबार, लेणी आणि लष्कर या तिन्हींच्या वाटा आपल्या गावाजवळून गेल्या. मुंबईच्या बेटावर उभा राहून साष्टीकडे पाहणारी नजर पुढे कोठवर पोहोचली, हे कळण्यासाठी तरी ती बारा पाने आपल्याला हवीत.

२६/
काही आक्षेप रास्त आहेत. ‘राज्यकर्त्यांच्या गोटातल्या माणसाची चित्रे आपण का जपावीत?’ माझे उत्तर असे. विरुद्ध पक्षाची साधने टाकून दिली तर आपला इतिहास फक्त आपल्याच साक्षीवर उभा राहतो आणि अशी साक्ष न्यायालयातही अपुरी पडते. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पोर्तुगीज आणि इंग्रजी दप्तरे अशाच कारणासाठी चाळली. चित्र हेही एक दप्तरच आहे.

२७/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘चित्रे पडद्यावर फुकट दिसतात. गड ढासळत असताना, गावातली वाचनालये ओस पडत असताना सार्वजनिक पैसा परदेशी लिलावात का घालावा?’ याच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. सुटे पान शासनाने मुळीच घेऊ नये. भिंत सजवण्यासाठी तर नाहीच. मात्र एखादा न उसवलेला संच विक्रीस आला आणि तो तुटण्याची शक्यता असली, तर त्याला वाचवणे हे तलवार मिळवण्याइतकेच सार्वजनिक काम आहे.

२८/
कारण पडद्यावर कागदाचा दाब दिसत नाही, जलखूण दिसत नाही, रंग केव्हाचा हे सांगता येत नाही. पडद्यावर उत्तर पाहता येते, प्रश्न विचारता येत नाही. मुद्राचित्रणाचा विद्यार्थी असो वा इतिहासाचा, त्याने आयुष्यात एकदा तरी असा ठसा उजेडासमोर धरून पाहिला पाहिजे. त्यासाठी त्याला लंडन किंवा येल गाठावे लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

२९/
खरेदीच्या आधी करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला परकीय चलन लागत नाही. राज्यातील संग्रहालये, जुनी ग्रंथालये आणि महाविद्यालये यांच्याकडे असलेल्या मुद्राचित्रांच्या याद्या मराठीत, छायाचित्रांसह सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात. नोंदीत चित्रकाराइतकेच ठसेकाराचे, साहाय्यकाचे आणि स्थळाच्या मराठी नावाचे स्थान असावे. असे झाले तर गंगाराम तांबट हे नाव शोधणाऱ्याला परदेशी संकेतस्थळावर जावे लागणार नाही. जे घरात आहे त्याची यादी नसताना बाजारात जाणे हे शहाणपणाचे नव्हे.

३०/
आणि आपण, हा धागा वाचणारे, काय करू शकतो? लिलावाच्या सूची संकेतस्थळांवर खुल्या असतात. महाराष्ट्रातील एखाद्या स्थळाचे जुने मुद्राचित्र विक्रीस दिसले तर त्याचे वर्णन आणि चित्र जपून ठेवा. विक्रीनंतर ते पान खासगी घरात गेले तर पुन्हा दिसेलच असे नाही. ते स्थळ आज कोठे आहे ते नकाशावर शोधा. शक्य असेल तर त्याच जागी उभे राहून छायाचित्र घ्या आणि त्या पानाची जोडी कोणती हे विचारा. तलवारीला म्यान लागते; कागदाला शेजारचा कागद लागतो. तो शोधण्याचे काम कोणत्याही शासनाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू करता येते.